मृत्पात्राचा कान : ओढ, जोड आणि आकसणे

मराठी भाषेने भांड्याला मनुष्यदेहाचे बहुतेक अवयव बहाल केले आहेत. भांड्याला तोंड असते, गळा असतो, खांदा असतो, पोट असते आणि बूडही असते. तोंडापासून बुडापर्यंतचे हे सर्व अवयव कुंभाराच्या चाकावर मातीच्या एकाच गोळ्यातून उठतात. त्यांच्यात कोठे सांधा नसतो. कानाची गोष्ट मात्र निराळी आहे. चहाच्या पेल्याला, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ‘मग’ म्हणतात त्याला, धरण्यासाठी जो कान असतो तो चाकावर निर्माण होऊच शकत नाही. चाक फिरत असताना जे घडते ते अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखे असते. कान तर एकाच बाजूला हवा असतो. ओतण्याची चोचही एकाच बाजूला असते हे खरे, परंतु ती भांड्याचाच काठ दाबून काढलेली असते. कानासाठी दुसरा गोळा घ्यावा लागतो, तो निराळ्या हस्तक्रियेने घडवावा लागतो आणि पेला काहीसा सुकल्यावर त्याला जोडावा लागतो.

हस्तनिर्मित मृत्पात्रांच्या कारागिरीतील पुष्कळसे अपयश या एका सांध्यापाशी येऊन साचते. कान निखळला की तो नीट चिकटविला नव्हता असा निर्णय तत्काळ दिला जातो. हा निर्णय बहुधा अपुरा असतो. दोष चिकटण्यात असण्यापेक्षा आकसण्यात असण्याचा संभव अधिक, आणि ‘चिकटविणे’ या क्रियापदानेच विचाराला चुकीच्या वाटेला लावलेले असते.

म्हणून प्रथम शब्दांकडे पाहणे सोयीचे होईल. ज्याला इंग्रजीत सरसकट ‘हँडल’ म्हणतात त्यासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत आणि त्यांची क्षेत्रे बऱ्याच अंशी वेगळी आहेत. पळीला किंवा तव्याला असतो तो दांडा. तो एका टोकाला जोडलेला आणि सरळ बाहेर आलेला असतो. सुरीला किंवा खुरप्याला असते ती मूठ. ती हाताच्या मुठीत भरते आणि तिच्यात पोकळी नसते. बादलीला असते ती कडी, ती हलते. कढईला आणि कपाला असतात ते कान. ते बाजूला असतात, स्थिर असतात, आणि दोन्ही टोकांनी भांड्यात रुतलेले असल्यामुळे मध्ये बोटासाठी पोकळी राहते. इंग्रजी शब्द ‘हँड’पासून, म्हणजे धरणाऱ्याच्या हातापासून, निघाला आहे. मराठी ‘मूठ’ही (संस्कृत मुष्टि) त्याच जातीचा आहे. परंतु ‘कान’ या शब्दाला धरणाऱ्याचे सोयरसुतक नाही. तो वस्तू ज्या देहाला फुटली आहे त्या देहाच्या बाजूने बोलतो. मृत्तिकाशिल्पावर मराठीत लिहिताना ‘हँडल’ला ‘मूठ’ हा प्रतिशब्द योजला, तर दोन सांधे आणि मधली पोकळी या दोन्ही गोष्टी शब्दातून गळून पडतात. आणि सारा प्रश्न तर त्या दोन सांध्यांचाच आहे.

ही कल्पना मराठीपुरती मर्यादित नाही. ‘कान’ हा संस्कृत ‘कर्ण’ शब्दापासून प्राकृत ‘कण्ण’द्वारे आला, आणि पात्राचा कान या अर्थाने ‘कर्ण’ शब्द ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील बहात्तराव्या सूक्तात आला आहे असे कोशकार मानतात. ग्रीकमध्ये कानाला असलेला ‘ऊस’ हा शब्द भांड्याच्या कानालाही लागतो, आणि दोन कानांच्या मद्यपात्राला लॅटिन कवी होरेस याने ‘दिओता’ हे ग्रीकमधून घेतलेले नाव वापरले आहे. डच भाषेत कपाचा कान आणि माणसाचा कान दोन्ही ‘ओर’च. हान काळातील चिनी पेल्यांना दोन बाजूंना आडवे पंख असत आणि त्यांचे नाव ‘कर्णपात्र’ अशाच अर्थाचे आहे. इंग्रजीतही लहान सुरयांचे कान मोठे असतात अशी एक जुनी म्हण आहे; मुलांच्या समोर जपून बोलावे हा तिचा अर्थ. आपल्याकडे हे काम भिंतीच्या कानांवर सोपविलेले आहे. जर्मन भाषेची दृष्टी मात्र वेगळी दिसते. तेथील ‘हेंकेल’ शब्द टांगण्याच्या क्रियेपासून आला आहे.

आता घडणीकडे वळता येईल. कान तयार करण्याच्या रीती अनेक आहेत. मातीची वळी लाटून ती वाकविता येते. लाटलेल्या पोळीतून पट्टी कापता येते. साच्याच्या छिद्रातून दाबून लांब पट्टी काढता येते. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून शेकडो एकसारखे कान पाडता येतात. शेवटची रीत कारखान्यांची आहे. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत तर केवळ कान बसविणाऱ्या कामगारांचा एक स्वतंत्र वर्ग होता. परंतु हाताने घडविलेल्या पेल्याला जी रीत सर्वाधिक शोभते, आणि जी तंत्रदृष्ट्याही सर्वांत समर्थनीय आहे, ती ओढण्याची. मराठीत तिला ‘कान ओढणे’ असे म्हणावयास काहीच हरकत नाही. शाळेतील जुन्या शिक्षेची आठवण त्यामुळे होईल, पण क्रियेचे वर्णन याहून अचूक होणे कठीण.

चांगली मळलेली, चाकावर घेतात तिच्याहून थोडी घट्ट माती घेऊन तिचा गाजरासारखा गोळा करावयाचा. जाड टोक डाव्या हातात उंच धरावयाचे आणि निमुळते टोक खाली लोंबू द्यावयाचे. उजवा हात पाण्यात बुडवून, अंगठा आणि तर्जनी यांच्या दरम्यान माती घेऊन, वरून खाली हात फिरवावयाचा. या क्रियेची तुलना बहुधा गाईची धार काढण्याशी केली जाते. ती पूर्णतः बरोबर नाही. धार काढताना दाब असतो, येथे दाब जवळजवळ नसतोच. हात मातीवरून घसरला पाहिजे, मातीला आवळून खेचता कामा नये. खेचली की ती मध्येच बारीक होते, आणि एकदा बारीक झालेली जागा प्रत्येक हातासरशी अधिकच बारीक होऊन शेवटी तुटते. जाडी आपोआप समान होत नाही. जेथे जाड भाग आहे तेथे हात किंचित रेंगाळावा लागतो आणि बारीक भागावरून तो हलकेच निघून जावा लागतो. दर काही हातांनंतर माती अर्धी फिरवून दुसऱ्या बाजूने ओढावी लागते. नाहीतर एक कडा पातळ आणि दुसरी बोथट राहते.

असे पंधरा-वीस हात झाल्यावर एक लांब, चपटी, खाली निमुळती होत गेलेली पट्टी तयार होते. तिचा छेद मसुराच्या डाळीसारखा असतो: मध्ये फुगीर, कडांना पातळ. अंगठ्याच्या शेवटच्या एकदोन हातांनी तिच्यावर मधोमध एक खोलगट रेघ उमटविता येते. ती केवळ शोभेची नसते. बोट किंवा अंगठा पुढे तीवरच विसावणार असतो. ओढण्याचा खरा लाभ मात्र डोळ्यांना दिसत नाही. मातीचे कण सूक्ष्म, चपट्या पत्र्यांसारखे असतात. ओल्या हाताने एकाच दिशेने वारंवार ओढल्यामुळे ते बरेचसे लांबीच्या दिशेने आडवे पडतात. त्यामुळे ओढलेली पट्टी वाकविली असता तिला बाहेरच्या बाजूने भेगा पडत नाहीत. कापलेली किंवा घाईने लाटलेली पट्टी तेवढ्याच वाकेला पुष्कळदा दाद देत नाही.

येथे दोन पंथ होतात. काही कारागीर पट्टी तोडून तिला कमान देतात, थोडी सुकवितात आणि मग दोन्ही टोके पेल्याला जोडतात. दुसरे कारागीर आखूड, जाड खुंट आधी पेल्याला जोडतात आणि पेला आडवा धरून त्या खुंटातूनच कान ओढतात. मग पेला उभा करून पट्टी खाली वळवितात आणि तिचे टोक पोटावर अंगठ्याने दाबून टाकतात. दुसऱ्या रीतीत वरचा सांधा आधीच पक्का झालेला असतो, आणि झाडाच्या खोडाला फांदी जशी बुंध्यात जाड होऊन फुटते तसा कान फुटल्यासारखा दिसतो. (‘कान फुटणे’ या वाक्प्रचाराचा मराठीत रूढ असलेला अर्थ वैद्यकाचा असल्यामुळे तो येथे वापरता येत नाही, ही भाषेची थोडी अडचणच आहे.) पहिल्या रीतीत चूक सुधारण्यास वाव असतो, वाकडा निघालेला कान टाकून दुसरा घेता येतो. नवशिक्याला पहिली रीतच योग्य. परंतु दुसऱ्या रीतीने घडलेल्या कानात जो जिवंतपणा असतो तो पहिल्या रीतीत आणावयास फार सरावलेला हात लागतो.

जोडण्यापूर्वी पेला कोणत्या अवस्थेत असावा, यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. चाकावरून उतरलेला ओला पेला कान पेलू शकत नाही. दाबताच त्याची भिंत आत जाते. पूर्ण सुकलेला पेला कान स्वीकारीत नाही. या दोहोंच्या मध्ये एक अवस्था येते: भांडे हातात धरले असता आकार सोडीत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, स्पर्श चामड्यासारखा असतो. हिला चामट अवस्था म्हणता येईल. बूड तासण्याचे कामही याच अवस्थेत होते. कान जोडावयाच्या दोन्ही जागी टोकदार काडीने किंवा फणीने आडवे-उभे ओरखडे काढतात, कानाच्या टोकांनाही तसेच करतात, त्याच मातीचे पाण्यात कालविलेले दाट कालवण त्यावर लावतात, आणि पेल्याच्या आतून बोटाचा आधार देऊन बाहेरून दाबतात. काहीजण कालवणात पाण्याऐवजी व्हिनेगर घालतात. सौम्य आम्लामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि कालवण अधिक चिकट होते. यात चूक काहीच नाही. पण एवढे केले म्हणजे काम झाले, असे जे समजतात त्यांचे कान भट्टीतून बाहेर येताना हमखास चिरलेले असतात.

कारण माती सुकताना आकसते. पाषाणमृत्तिकेचे, म्हणजे उच्च तापमानावर भाजावयाच्या मातीचे, ओल्या अवस्थेपासून भाजून निघेपर्यंतचे एकूण आकसणे साधारणपणे दहा-बारा टक्के असते, आणि त्यांपैकी निम्मे किंवा अधिक केवळ सुकण्यातच होते. चामट पेल्याने यांपैकी काही आकसणे आधीच पार पाडलेले असते. ताज्या ओढलेल्या कानाचे सर्वच्या सर्व शिल्लक असते. समजा, बारा सेंटिमीटर लांबीचा कान पेल्याच्या भिंतीपेक्षा तीन टक्क्यांनी अधिक आकसणार आहे. फरक साडेतीन मिलिमीटरांहून अधिक पडतो. कमानीचा मधला भाग थोडासा सरळ होऊन यांतील काही अंश सोसतो. मुळाशी मात्र सोसण्यास जागाच नसते. तेथे ओली रुंद चकती कोरड्या भिंतीवर बसलेली असते आणि ती सर्व बाजूंनी स्वतःच्या मध्याकडे ओढ घेत असते. चीर पडते ती येथे, चकतीच्या कडेने. उलट प्रकारही घडतो. कान अधिक सुकलेला आणि पेला अधिक ओला असेल, तर पेला आकसत जातो आणि कान त्याला मागे रेटतो. याचा अर्थ असा की कालवण कितीही चिकट असले तरी दोन्ही भागांची ओल सारखी नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित आहे. आणि ओल सारखी असेल तर थोडक्या कालवणानेही सांधा पक्का होतो. कित्येक जुने कारागीर ओरखडे काढीतच नाहीत, नुसत्या पाण्यावर जोडतात, आणि त्यांचे कान टिकतात.

जोडल्यावरही धोका संपत नाही. कान बारीक असतो आणि त्याला चोहोबाजूंनी हवा लागते. पेल्याच्या भिंतीला आतून ती तितकीशी लागत नाही. म्हणून जोडताना समान असलेली ओल पुढच्या काही तासांत पुन्हा विषम होते. यावर उपाय म्हणजे विलंब. कानावर ओलसर फडके किंवा प्लास्टिकची पिशवी घालतात, पेला काठावर पालथा ठेवतात (कारण उघडा काठही लवकर सुकणारा असतो), आणि दोनतीन दिवस सावकाश सुकू देतात. सुकल्यावर चीर दिसली तर तीत ओली माती भरून काही साधत नाही. भरलेली माती पुन्हा आकसते आणि चीर पुन्हा उघडते. पुष्कळ चिरा तर सुकल्यावर दिसतही नाहीत. त्या पहिल्या भाजणीनंतर प्रकट होतात.

कानाच्या आकाराचे गणितही थोडे पाहण्यासारखे आहे. भरलेल्या पेल्याचे वजन ६५० ग्रॅम आणि व्यास नऊ सेंटिमीटर धरला, तर त्याचा भार भिंतीपासून साडेचार सेंटिमीटर आत, मध्यरेषेवर, कार्य करतो. दोन सांध्यांत सहा सेंटिमीटर अंतर असेल, तर ढोबळ हिशेबाने वरच्या सांध्यावर जवळजवळ ४९० ग्रॅम भाराइतकी बाहेरच्या दिशेने ओढ पडते आणि खालच्या सांध्यावर तेवढाच आत दाब पडतो. भाजलेली माती दाब चांगला सहन करते, ओढ फारशी सहन करीत नाही. म्हणून वरचे मूळ जाड हवे आणि खालचे टोक नुसते अंगठ्याने दाबलेले असले तरी चालते. ओढलेला कान स्वभावतःच वर जाड व खाली बारीक असतो हा केवळ सौंदर्याचा योगायोग नव्हे. सांधे एकमेकांपासून जितके दूर तितकी ही ओढ कमी, आणि एका बोटाचा इवलासा कान मोठ्या पेल्याला लावणे ही हौस महागात पडणारी. कान भिंतीपासून किती बाहेर यावा हा प्रश्न मात्र सांध्याचा नसून मनगटाचा आहे: फार बाहेर आला तर पेला हातात पुढे झुकतो, फार जवळ राहिला तर बोटांचे सांधे तापलेल्या भिंतीला लागतात.

ही सारी जाण पुस्तकी नव्हे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्लिश ग्रामीण कुंभारांची चोचीची उंच भांडी पाहिली, तर त्यांच्या जाड कानांवर टोच्याने पाडलेली छिद्रे किंवा सुरीने मारलेले छेद आढळतात. ते नक्षीसारखे दिसतात. परंतु त्यांचे मुख्य प्रयोजन जाड कान आतपर्यंत नीट सुकावा आणि भट्टीत फुटू नये हे असावे, असे अभ्यासक मानतात. खालच्या टोकाशी कुंभाराच्या अंगठ्याचा ठसाही तसाच राहिलेला असतो. या परंपरेचे विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन बर्नार्ड लीच आणि मायकेल कार्ड्यू यांच्या नावाशी निगडित आहे. लीच १९०९ मध्ये जपानला गेला, तेथेच मातीकामाकडे वळला, आणि १९२० मध्ये शोजी हामादा या जपानी कारागिरासह इंग्लंडला परतून त्याने सेंट आयव्ह्ज येथे भट्टी उभारली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक पुढे अनेक देशांतील मृत्तिकाशिल्पींचे पाठ्यपुस्तक ठरले.

लीचने जपानकडून पुष्कळ घेतले हे सर्वश्रुत आहे. त्याने जपानला परत काय दिले, याचे एक उत्तर ‘कान’ असे आहे. जपानी कुंभारांना सांधा अपरिचित नव्हता. त्यांच्या चहादाणीला बाजूला सरळ पोकळ दांडा असे किंवा डोक्यावरून जाणारी कमान असे. काही पुष्पपात्रांना दोन लहान बाहेर आलेले अवयव असत आणि त्यांना जपानीतही ‘मिमी’, म्हणजे कानच, म्हणत. परंतु रोजच्या पेल्याला कान नसे. तो काठ आणि बूड यांच्या आधाराने हातात धरला जाई. क्युशू बेटावरील ओंता हे डोंगरातील कुंभारांचे लहानसे गाव आहे. तेथे ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी उखळांत माती कुटली जाते. १९५४ मध्ये लीचने या गावी मुक्काम केला आणि तेथील कुंभारांना ओढलेला कान कसा जोडावयाचा ते करून दाखविले. कान असलेली भांडी त्यानंतर तेथेही घडू लागली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की धरावयाच्या कानासाठी जपानीत ‘मिमी’ हा शब्द न वापरता ‘तोत्ते’ हा, धरण्याच्या हातावरून बनलेला, शब्द वापरतात. शोभेचा किंवा दोरी ओवण्याचा अवयव देहाच्या नावाने, आणि उपयोगाचा अवयव हाताच्या नावाने, अशी वाटणी तेथे झालेली दिसते. मराठीने ही वाटणी केली नाही.

महाराष्ट्रातील कुंभाराने मातीच्या पेल्याला कान का लावला नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होणे साहजिक आहे. तो त्याला जमत नव्हता असे म्हणता येणार नाही. प्रवरेच्या काठावरील जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्या गावावरून नाव पडलेल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन मृत्पात्रांत नळीसारखी तोटी असलेले भांडे हे वैशिष्ट्यपूर्ण मानले जाते. तोटी हाही भांड्याच्या एकाच बाजूचा, मागाहून जोडलेला अवयव. ओल सांभाळण्याची आणि सावकाश सुकविण्याची जाण नसेल तर ती भांड्यावर टिकणार नाही. म्हणजे सांध्याचे शास्त्र या भूमीत फार जुने आहे. गरज मात्र वेगळी होती. घागर कमरेवर किंवा चुंबळीवर बसते, मडके काठाला धरून उतरवितात, तांब्या गळ्याला धरतात, आणि चुलीवरचे पातेले सांडशीने उचलतात. गरम पेय मातीच्या पेल्यातून रोज पिण्याची रीत नव्हती. चहा आला तो चिनी मातीच्या कपबशीतून, कानासकट. आणि तरीही कित्येकांनी तो कान बाजूला ठेवून बशीत ओतलेला चहाच पसंत केला. चीनमधून युरोपात गेलेले चहाचे पेलेही मुळात बिनकानाचेच होते. त्यांना कान लागला तो प्रामुख्याने अठराव्या शतकात, युरोपीय ग्राहकांच्या सवयीमुळे.

मराठी घरात कान तुटलेला कप सहसा टाकून देत नाहीत. तो मीठ ठेवण्यास किंवा पीठ मोजण्यास उपयोगी पडतो. अशा कपावरील तुटल्याच्या खुणा तपासल्या तर त्याच्या घडणीचा इतिहास वाचता येतो. कान मधोमध मोडून दोन खुंट शिल्लक असतील तर सांधे निर्दोष होते, कप कोणाच्या तरी हातून पडला एवढेच. कानाबरोबर भिंतीचा तुकडा निघून आला असेल तर सांधा भिंतीहूनही बळकट होता. आणि जेथे कान होता तेथे नुसती गुळगुळीत, वाटोळी चकती दिसत असेल, तर तो कान कपाला कधी जोडला गेलाच नव्हता. दोन वेगवेगळ्या ओलींच्या माती काही काळ एकमेकींना टेकून राहिल्या होत्या.